हैल सिद्रच्या चौऱ्याऐंशी चोऱ्या

मी बोलतोय ते कंपनीला आवडणार नाही. न आवडो. तिचं बरं व्हावं असं मला मुळीच वाटत नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं.

मी एक राखाडी डबी आहे. साबणाच्या वडीएवढी, पोटात एक सिमकार्ड, डोक्यावर बोटभर लांब शेंडी. हैल सिद्र गावात, डोंगरातून येणारा पाट जिथं फुटून बागांकडे वळतो, तिथल्या खांबावर मला ठोकलंय. प्रत्येक बागेत पाणी सोडायच्या दाराशी एक-एक चिमणं यंत्र बुडवलेलं आहे. पाणी कुठल्या दारातून गेलं हे ती मला सांगतात, आणि दर सात मिनिटांनी मी ते मस्कतला कळवतो. थोडक्यात, मी चुगलखोर आहे. जन्मच त्यासाठी झाला.

माझा जन्म निझवा शहरातला, एका हलव्याच्या दुकानावरच्या खोलीत. खाली कढईत हलवा घोटला जायचा आणि वर कंपनीचा मालक यारूब माझ्या तारा जोडायचा; तेव्हा तो एकटाच म्हणजे कंपनी. केशराचा वास माझ्या सांध्यासांध्यांत बसला होता. यारूबकडे तेव्हा माझ्यासारख्या चारच डब्या होत्या आणि त्या लावून घ्यायला अख्ख्या देशात कोणी तयार नव्हतं.

म्हणून तो आपल्या मामाकडे आला.

मामा म्हणजे मुसल्लम, हैल सिद्रचा पाटकरी. गाव त्याला अरीफ म्हणतं. कोणाची पाळी कधी सुरू झाली नि कधी संपली हे उन्हात रोवलेल्या काठीची सावली पाहून ठरवायचं, दाराचा दगड सारायचा, चिंध्यांचा बोळा काढायचा, आणि वेळ झाली की पुन्हा ठोकून बसवायचा, हे काम एकट्या त्याचं. त्या दगडांना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत त्याच्या बाह्या कधी पुरत्या वाळल्या नसतील.

गाव नको म्हणत होतं. "अरीफ, हे डबडं कशाला? तुझे डोळे गेले काय?" असं हुवैशलनं तोंडावर विचारलं. हुवैशलची बाग पाटाच्या शेवटच्या टोकाला.

"माझे डोळे शाबूत आहेत," मुसल्लम म्हणाला. "पण पोरगं माझ्या बहिणीचं आहे. येऊ दे त्याच्या हाताला यश."

त्यानं स्वतः खांब रोवला. मला वर चढवताना टोपीच्या कडेनं माझी धूळसुद्धा पुसली. इतक्या मायेनं मला पुढं कधीच कोणी हात लावला नाही.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं तिथंच बिघडलं. हैल सिद्रमध्ये प्रत्येक बागेची पाळी नवव्या दिवशी येते. जुन्या खजुरांना तेवढं पुरतं. पण खजुराच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू काढून दुसरीकडे लावलं की त्याला पहिला दीड महिना तरी रोज पाणी हवं. मग ज्यानं पिल्लं लावली त्याला गाव आपल्या पाळीतलं थोडं पाणी देतं. भिंतीवरून नुसता आवाज टाकायचा: "माझं आजचं पाणी तू घे रे!" ना कागद, ना साक्षीदार. मुसल्लम दार उघडतो, पिल्लं जगतात, आणि घेतलेलं पाणी घेणारा आपल्या एकेका पाळीतून दोघातिघांचं फेडतो. त्या गावातलं प्रत्येक झाड असं उसन्या पाण्यावर वाढलेलं आहे.

माझ्या पोटात मात्र यारूबनं फक्त पाळीपत्रक घातलं होतं. पाळी शेजारच्या बागेतल्या झुवैनामावशीची आणि पाणी हुवैशलच्या दारात, असं दिसलं की माझा दिवा लाल व्हायचा आणि यारूबला एक शब्द जायचा: चोरी.

त्या वर्षी हुवैशलनं सहा पिल्लं लावली. मी पेटलो तो विझेचना. त्यानं पाणी फेडायला सुरुवात केली तेव्हाही मी पेटलोच, कारण त्याच्या पाळीला पाणी आता झुवैनामावशीकडे चाललं होतं. दिलं ती एक चोरी, फेडलं ती दुसरी. मला वाटलं, यारूब हे पाहील आणि हसेल. तो याच गावात वाढलेला. लहानपणी आईसाठी हाच निरोप घेऊन भिंतीवर चढायचा, हे मुसल्लमच हौसेनं सांगायचा.

पण त्यानं ते कागदावर छापलं. चकचकीत कागद, वर आमच्या पाटाचा फोटो. 'एका गावात एका वर्षात चौऱ्याऐंशी पाणीचोऱ्या पकडल्या.'

बस्स. कंपनीनं बाळसं धरलं. हलव्याच्या दुकानावरची खोली सुटली, तीन खोल्या आल्या, मग मस्कतला काचेची इमारत आली. माझी भावंडं विजेच्या मीटरात शिरली, मासळीच्या गाड्यांत गारठून बसली, उंटांच्या गळ्यात लटकली. चारांच्या चार लाख झाल्या म्हणे. प्रत्येक नव्या गिऱ्हाईकापुढे तोच कागद सरकवला जायचा. माझ्या जिवावर उभी राहिलेली ती इमारत, आणि तिची मला शिसारी येते.

कागद गावात आला तो मस्कतला नोकरी करणाऱ्या मुलांच्या हातून. ती बापांना फोन करून विचारू लागली, "अरीफ पाणी चोरतो हे खरं का?" दगड सारणारा हात एकच, मग चोरही एकच. गावाच्या बैठकीत कहव्याचे पेले फिरले आणि मुसल्लमसमोर येताच ओतणाऱ्याचा हात क्षणभर थबकला. मी तिथं नव्हतो, पण झुवैनामावशीनं माझ्या खांबाशी उभं राहून दोन दिवस शिव्याशाप दिले, त्यात सगळं आलं.

त्या बैठकीला यारूबही आला होता. गावच्या प्रमुखानं, शेखनं, विचारलं, "अरे, हे काय छापलंस?"

"यंत्र खोटं बोलत नाही," यारूब म्हणाला. "मामा, मनावर घेऊ नका. गावाचंच नाव झालं."

मुसल्लमनं पेला खाली ठेवला. "चौऱ्याऐंशी. सम आकडा आहे, भाच्या. बेचाळीस दिलेल्या, बेचाळीस फेडलेल्या. तुझं गणित तर चांगलं होतं."

यारूबनं कागद घडी करून खिशात घातला. त्याला कळलं होतं, माझी खात्री आहे. पण तोवर कागद चाळीस हजार छापून झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून मुसल्लम पाटावर येईनासा झाला. फोनवर वेळापत्रक यायचं आणि ज्याची पाळी तो आपला दगड आपण सारायचा. पाणी देणं बंद पडलं. कोण कशाला चोर म्हणवून घेईल? हुवैशलची सहापैकी चार पिल्लं वाळली. गावात नवं झाड कोणी लावेना. माझा दिवा दोन वर्षं हिरवा होता आणि कंपनीनं त्याचाही कागद छापला: चोऱ्या शून्यावर! वाटेवरून येणारी-जाणारी माणसं माझ्यावर थुंकायची. मला राग आला नाही, त्यांनी नेम धरून थुंकावं एवढंच वाटायचं.

मग गेल्या आठवड्यात यारूब लांबलचक गाडीतून आला. मुसल्लमच्या दारातच उभा राहून म्हणाला, "मामा, गुरुवारी सकाळी परदेशी मंडळी येतायत. कंपनी विकत घेणार आहेत. मोठ्या पडद्यावर आपल्या पाटाचं पाणी त्यांना चालू दाखवणार. पहिलं गाव म्हणून मान आपलाच. तुम्ही या की."

"मला काम आहे," मुसल्लम म्हणाला.

हे झुवैनामावशीनं ऐकलं. म्हणजे गावानं ऐकलं.

गुरुवारी ऊन खांबाच्या निम्म्यावर आलं तेव्हा ती मुसल्लमला हाताला धरून पाटावर घेऊन आली. पाळी तिची होती. ती माझ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ए डबड्या, ऐकतोस ना? माझं आजचं पाणी हुवैशलला. लिही चोरी. आणि माझं नाव नीट लिही, झुवैना."

"मावशी, हे ऐकत नाही," हुवैशल म्हणाला.

"न ऐकू दे. सांगणं माझं काम."

मुसल्लम दगडापाशी गेला. मग वाकला, बाह्या वर न करताच हात पाण्यात घातला आणि दगड सारला. मी लाल झालो.

पाठोपाठ सगळे आले. हुवैशलनं आपलं पाणी शेखला दिलं, शेखनं मशिदीच्या बागेला, मशिदीनं शेजारच्या बागेला. ज्याची पाळी सहा दिवसांनी होती त्यानंही आजच दिली. मुसल्लम या दारावरून त्या दारावर पळत होता, वाटेत ओरडत होता, "थांबा रे, एकेक! मला एकच जोडी हात आहेत!" दोन वर्षांनी मी त्याचा आवाज ऐकला. दर सात मिनिटांनी मी मस्कतला पाठवत होतो: चोरी, चोरी, चोरी. जन्मात इतक्या आनंदानं काम केलं नव्हतं.

दुपारच्या आत मुसल्लमचा फोन वाजला. त्यानं ओल्या हातानंच तो कानाला लावला.

"मामा, पडदा सगळा लाल झालाय! पाहुणे विचारतायत. तिथं चाललंय तरी काय?"

"पाणी देतोय," मुसल्लम म्हणाला. "त्यांना समजावून सांग. तुला येतं." आणि फोन हुवैशलच्या हातात देऊन तो पुढच्या दाराकडे गेला.

कंपनी विकली गेली की नाही, मला ठाऊक नाही. उद्या दोन माणसं मला काढायला येणार आहेत एवढं कळलंय. पहिली डबी म्हणून इमारतीत काचेआड ठेवणार, खाली पितळी पाटी लावणार.

हैल सिद्रकरांनो, येतो. तुम्ही मला शिव्या दिल्यात त्या रास्त होत्या. यारूब, तुझ्याकडून मला काही नको. एकच कर. पाटीवर मी पकडलेल्या चोऱ्यांचा आकडा घालणार असशील, तर तिथं शून्य लिही.