शिंप्याच्या मुलीचा कॅलिपर

मित्रांनो, मी कोण हे कळल्यावर कुणाचा चेहरा खुलला, असं आजवर एकदाही घडलेलं नाही. मी एक जुना कॅलिपर आहे. ज्या पायातलं बळ गेलेलं असतं, त्याला उभं करणारा लोखंडी सांगाडा म्हणजे मी. दोन बाजूंना दोन पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, खाली एक बूट आणि गुडघ्याशी दोन कड्या. उभं राहिलं की कड्या खाली सरकतात आणि गुडघा ताठ राहतो. बसायचं तर त्या हातानं वर ओढाव्या लागतात.

रुग्णालयामागच्या कारखान्यात एका कारागिरानं मला घडवलं. काम करताना त्याला शीळ घालायची सवय होती. माझा बूट हातात घेतला तेव्हा मात्र ती बंद झाली. बूट त्याच्या तळहातावर मावत होता.

मी गेलो एका शिंप्याच्या घरी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. त्याच्या मुलीला सगळे बारकी म्हणत. तिचा उजवा पाय काडीसारखा बारीक होता आणि भर उन्हाळ्यातही गार लागायचा. तिची आई रोज सकाळी माझे पट्टे आवळायची आणि पुढच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची.

"टेबलाखाली होतीस तू. नर्सबाई दारात उभी, आणि तू टेबलाखाली चिंध्यांशी खेळत होतीस."

मी घरात येण्यापूर्वीची ही गोष्ट मला तिच्याच तोंडून कळली. पोलिओचे थेंब पाजायला नर्सबाई आली होती. शिंप्याकडे शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आलेलं. तो म्हणाला, "औषधानं पोरीला ताप येईल, ती रडत बसेल, मग माझं काम कोण करणार?" नर्सबाई म्हणाली, "थेंबांनी ताप येत नाही हो. दोनच तर थेंब आहेत." ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तेव्हा त्यानं मान वर न करता सांगून टाकलं, "मुलगी मामाकडे गेलीय." पुढे पावसाळ्यात बारकीला ताप आला. ताप उतरला, पण तिचा पाय काही उचलेना.

आई हे सांगू लागली की शिंपी शिलाई मशीन जोरात चालवायचा. कधीकधी तर सुईत दोरासुद्धा नसायचा.

मी बारकीला उभं केलं हे खरं, पण मी तिला छळलंही. माझा पट्टा तिच्या मांडीला घासायचा. कातडी सोलवटून निघायची, त्यावर खपली धरायची आणि दुसऱ्या दिवशी मीच ती काढायचो. ती चालू लागली की माझा खट्याक असा आवाज व्हायचा. शाळेतल्या मुलांनी तेच तिचं नाव ठेवलं. "आली रे आली, खट्याक आली!" ती कड्या सोडून बाकावर बसली की मागचा कुणीतरी माझ्या बुटाचे बंद बाकाच्या पायाला बांधून ठेवायचा. बाईंनी नाव पुकारलं की ती उठायला जायची आणि तोंडावर आपटायची. बाईसुद्धा हसू दाबायच्या.

मग शिंप्यानं तिला घोट्यापर्यंत लांब घागरे शिवले. गिऱ्हाइकांना मी दिसू नये म्हणून. बारकीला ते कुठून कळणार? ती सगळ्यांना सांगत सुटली, "माझ्या बाबांनी शिवलाय! इतका घेर कुणाच्याच घागऱ्याला नाही." तो घेर माझ्या कड्यांत अडकायचा. जिन्यावरून ती दोनदा गडगडत खाली आली. तरी घागरा आखूड झाला नाही.

पुढे घरात मुलगा जन्मला. शिंप्यानं गल्लीभर मिठाई वाटली. त्या दिवशी बारकीला आतच बसायला सांगितलं होतं.

बाळ काही महिन्यांचं झालं आणि तीच नर्सबाई दारात आली. शिंपी नेहमीच्या सुरात म्हणाला, "आत्ताच झोपलंय. पुढच्या खेपेला बघू."

बारकी जमिनीवर बसली होती. तिनं घागरा वर केला, एकेक पट्टा सोडला आणि मला पायातून काढलं. मला ओढत, ढुंगणावर सरकत ती पाळण्यापाशी गेली आणि तिनं मला बाळाच्या शेजारी ठेवलं.

"मग हा त्याच्यासाठी ठेवा," ती म्हणाली. "नाहीतरी मला लहानच होतोय."

शिंप्यानं तिच्या मुस्काटात मारली. इतक्या जोरात, की बाळ जागं होऊन रडू लागलं. आईनं बाळ उचललं आणि दारात नेलं. दोन थेंब त्याच्या जिभेवर पडले, करंगळीवर शाई लागली. एवढंच काम होतं. डोळ्यांत कचरा गेला तर काढायला याहून जास्त वेळ लागतो.

"मला पण द्या ना," मागून बारकी म्हणाली. गालावर बोटं उमटलेली, पण तोंड आ वासलेलं. "मग कॅलिपर नको ना?"

नर्सबाई तिच्यासमोर खाली बसली. "बाळा, गेलेला पाय यानं परत येत नाही गं." पण ते तोंड काही मिटेना. शेवटी तिनं दोन थेंब दिले. बारकीनं ते कितीतरी वेळ जिभेवरच धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला पलंगाखाली ढकललं. पलंगाच्या कडेला धरून ती उठली, हसली आणि तिनं हात सोडले.

आवाज ऐकून शिंपी धावत आला. तिचा ओठ फाटला होता, पुढचा दात अर्धा तुटला होता. ती रडत नव्हती, नुसती पायाकडे बघत होती. आई पाण्याला गेली होती. शिंप्यानं मला पलंगाखालून ओढून काढलं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच मला हात लावला होता. तो तिच्या मांडीला पट्टा गुंडाळू लागला.

"बाबा," बारकी म्हणाली, "हा नाही. दुसरा पाय."

तिनं त्याच्या हातातून मला घेतलं आणि स्वतःच बांधून टाकलं.

काही महिन्यांनी मी तिला खरोखरच लहान झालो. तिला नवा, मोठा कॅलिपर मिळाला आणि मी परत कारखान्यात येऊन खिळ्याला लटकलो. वर्षं गेली. चामडं कडक झालं, कड्या अडकून बसल्या. माझ्याकडे कुणी बघेना. मित्रांनो, खरं सांगतो, तेच माझे सुखाचे दिवस होते.

काल एक बाई आली. तिच्या कडेवर मूल होतं आणि त्याचा एक पाय नुसता लोंबत होता. कारागीर म्हणाला, "नवा व्हायला वेळ लागेल. तोवर हा जुना घाला, बूट तेवढा बदलून देतो." मूल माझी पट्टी चाचपून हसलं. त्याला मी खेळणं वाटलो. बाईनं विचारलं, "किती दिवस घालावा लागेल हो हा?" कारागीर माझ्या बकलाशी खुडबुडत राहिला.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हांला म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, नीट ठेवा. मी तसं काही म्हणणार नाही. नर्सबाई दारात आली की तुमच्या धाकट्या भावंडाला पुढे करा. मोठी माणसं 'नंतर बघू' म्हणाली तर भोकाड पसरा, हातपाय आपटा. तुम्हांला ते आपटता येतात. मला खिळ्यावरच राहू द्या. मला गंजू द्या.

आज सकाळी कारागिरानं माझ्या कड्यांना तेल घातलं.