पाण्याचा खळगा

आनंदीबाईंनी पिशवीतून दगडी खल काढला, प्रयोगशाळेच्या काळ्या ओट्यावर ठेवला आणि समीक्षाकडे चक्क पाठ करून उभ्या राहिल्या.

"मागं सर गो जरा. इकडं बघू नको."

समीक्षा दोन पावलं मागे सरली. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची पोर, पण भाट्याच्याच वाडीतली, आनंदीबाईंच्या शेजारची. तिला नियम ठाऊक होता. काकींचा जखमेचा पाला कसला, हे विचारायचं नाही. नाव उच्चारलं की गुण जातो. आनंदीबाईंना सासूनं शेवटच्या दुखण्यात ते कानात सांगितलं होतं, आणि त्याही तसंच कुणाच्या तरी कानात सांगणार होत्या, पण इतक्यात नाही. सून श्रद्धा सात वर्षं घरात नांदत होती. तिला पाल्याचा रंगसुद्धा त्यांनी धड दाखवला नव्हता.

आता असा जपलेला पाला कॉलेजात आला कशाला? तर त्याला कारण समीक्षाच. महिन्यापूर्वी तिनं प्रकल्पासाठी वाळक्या पाल्याची पूड मागितली. नाव सांगायचं नंतर बघू, म्हणून आनंदीबाईंनी मूठभर दिली. अल्कोहोलात भिजवलेल्या त्या पुडीनं प्रयोगशाळेतलं कसलंसं जांभळं पाणी झटक्यात फिकं केलं, म्हणजे अँटिऑक्सिडंट गुण भरपूर. पण जखमेत पू करणाऱ्या जंतूंवर तिचा ढिम्म परिणाम झाला नाही. "काकी, जंतू काही मरत नाहीत," असं समीक्षानं अंगणात हळूच सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या वाडीला कळलं. आनंदीबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खाडीतल्या खडकांवरची धारदार शिंपल्यांची कालवं काढताना पाय कापून घेतलेल्या बायका, हातात माशाचा काटा मोडलेले खलाशी, अडतीस वर्षं सगळे त्यांच्याच पडवीत येऊन बसत होते. ते काय उगाच?

"वाळका पाला दारूत भिजवलास, तर दुसरं काय होणार?" त्या म्हणाल्या होत्या. "ताजा पाला आणि माझा हात. मी येते तुझ्या कॉलेजात."

आणि आल्याही. खलात पाला ठेचला, पिशवीतल्या बाटलीतून त्यावर थोडा रस ओतला आणि घोटायला लागल्या. तो रस बिंबलांचा होता. माशाच्या कालवणात घालतात ती बोटाएवढी हिरवी आंबट फळं, त्यांचा. आनंदीबाईंच्या लेखी तो औषधात धरायचाच नव्हता. पाला घोटायला काहीतरी ओलं लागतं, सासू बिंबलाचा रस घेत असे, त्याही घेत. रसही हिरवट, पालाही हिरवा. वाटण झालं तेव्हा त्यात दुसरं काही आहे असं कुणाच्या बापाला कळलं नसतं.

समीक्षानं काचेची बशी पुढे ठेवली. तिच्यात खरवसासारखा थर होता आणि त्यावर तिनं जंतू पसरले होते. थराला तीन बारीक खळगे पाडले. एकात काकींचं वाटण भरलं, दुसऱ्यात दवाखान्यातलं औषध, तिसऱ्यात नुसतं शुद्ध पाणी. मग बशी उबेच्या कपाटात ठेवली.

"उद्या याच वेळेला या, काकी. औषधानं जंतू मेले तर खळग्याभोवती स्वच्छ गोल दिसेल."

"दिसेल," आनंदीबाई म्हणाल्या, आणि खल धुऊन पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी बशी बाहेर निघाली तेव्हा समीक्षानं ती डोळ्यांपाशी नेली. वाटणाच्या खळग्याभोवती काच पुसल्यासारखं लख्ख वर्तुळ उमटलं होतं. पट्टी लावली, सोळा मिलिमीटर भरलं. तिनं दीपाली मॅडमना बोलावून आणलं. मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक, सहसा कुणाचं कौतुक न करणाऱ्या. त्यांनी बशी उजेडात धरून दोनदा फिरवली.

"मानलं तुम्हाला, काकी," त्या म्हणाल्या. "यावर शोधनिबंध होईल. तुमचं नावही त्यात घालू."

आनंदीबाईंची छाती अभिमानानं भरून आली, आणि का येऊ नये? त्यांनी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसून स्वतःचं वर्तुळ बघत राहिल्या. मग सहज विचारलं,

"हा तिसरा कसला गो? ह्यात तर काहीच नाय."

"तो पाण्याचा. औषध ज्यात घोटलं असेल, तेही वेगळं घालून बघावं लागतं. नाहीतर जंतू पाल्यानं मारले की त्या पातळ पदार्थानं, कसं कळणार? तुम्ही पाण्यात घोटलंत, म्हणून पाणी."

"पाण्यात," आनंदीबाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा काढला. पदरानं एक काच पुसली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. मॅडम आणि समीक्षा निबंधाचं बोलत होत्या. धुतलेला खल आणि बाटली, दोन्ही पिशवीच्या तळाशी होती. जीभ आवरली असती तर त्या जन्मात कुणाला पत्ता लागला नसता. आनंदीबाईंच्या मनात ते आलं, आलं नाही असं नाही, आणि चांगलं दोन मिनिटं मुक्काम करून राहिलं.

मग त्यांनी चष्मा घातला, बाटली काढली आणि ओट्यावर ठेवली.

"समीक्षे, मी पाण्यात नाय घोटलं. बिंबलाच्या रसात घोटलं. हा घे, हा वेगळा घालून बघ. आणि पाला नुसत्या पाण्यात घोटून देते, तोही घाल."

मॅडमनी समीक्षाकडे बघितलं. समीक्षानं नवीन बशी काढली. या वेळी आनंदीबाई सगळ्यांसमोर, त्यांच्याकडे तोंड करून बसल्या आणि पिशवीत उरलेला पाला घोटला, आधी पाण्यात, मग रसात.

तिसऱ्या दिवशी त्या वेळेच्या तासभर आधीच हजर. पाण्यात घोटलेल्या पाल्याभोवती काही म्हणता काही नव्हतं. रसात घोटलेल्याभोवती सोळा. आणि नुसत्या रसाभोवती समीक्षानं दोनदा पट्टी लावली, दोन्ही वेळा सतरा.

"म्हणजे पाल्यानं एक खाल्ला," आनंदीबाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. समीक्षाचे डोळे भरले होते. मॅडमनी बशी खाली ठेवली.

"काकी, बिंबलाच्या रसात घोटलेला पाला गुणकारी आहे, असं लिहिता येईल. ते खोटं नाही."

"खोटं नाय. पण वाचणाऱ्याला काय वाटेल? पाल्यापुढं शून्य लिहा."

"वाडीत लोक बोलतील तुम्हाला," समीक्षा म्हणाली.

"बोलू देत. पाय तर बरे झाले ना त्यांचे? ते काय शून्य होते?"

हे त्या ताठ मानेनं बोलल्या, आणि तेवढ्यात त्यांना भिवा आठवला. मागच्या वर्षी त्या आठ दिवस मुंबईला लेकीकडे गेल्या होत्या. भिवा खलाशी पायाला कालव लागलं म्हणून पडवीत आला, काकी नाहीत म्हणून परत गेला, दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. श्रद्धानं पाणी दिलं, बसायला पाट दिला; आणखी काय देणार होती ती? शेवटी दवाखान्यात त्याचं एक बोट काढावं लागलं. काकी नव्हत्या, काय करणार, असं तो स्वतःच गावभर सांगत होता. आनंदीबाईंना तेव्हा ते ऐकून वाईट वाटलं होतं आणि आत कुठेतरी बरंही वाटलं होतं. भिवा बसला होता त्या पाटापासून बिंबलाचं झाड दहा पावलांवर होतं.



पिशवीत फोन वाजला. श्रद्धा होती.

"आई, करुणा आलीय पलीकडच्या वाडीतली. कालवानं टाच कापलीय, बरंच रक्त गेलंय. तुम्ही येईपर्यंत बसवून ठेवू ना?"

"बसवू नको."

"मग?"

"नीट ऐक. रक्त थांबेपर्यंत स्वच्छ फडकं दाबून धर. मग उकळून कोमट केलेल्या पाण्यानं पाय धू. झाडाची चार बिंबलं काढ, ठेच, रस गाळून लाव. झोंबेल तिला, पाय धरून ठेव. आणि नंतर दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घे म्हणावं."

"आणि पाला?"

"पाला नको."

 श्रद्धानं अगदी हळू विचारलं,

"मी लावू? आई, माझ्या हातानं गुण येईल?"

"येईल," आनंदीबाई म्हणाल्या. "फोन ठेव आणि पळ आधी."