रेडिओचं तोंड भिंतीकडे

नर्मदाबाईने दुकानाच्या मागच्या भिंतीला कान लावला आणि डोळे मिटून घेतले. बोळात दोन शेळ्या उकिरडा हुंगत होत्या. समोरच्या दारात ज्वारी पाखडणारी एक बाई सूप तसंच हातात धरून तिच्याकडे बघत राहिली. कळमनुरीच्या बाजाराला आलेल्या बायका लुगडी उलगडून बघतात, भांडी वाजवून बघतात. भिंत ऐकणारी बाई तिने पहिल्यांदाच पाहिली असावी.

भिंतीच्या आत किसनसिंगाच्या दुकानात रेडिओ लावलेला होता. आधी काहीच ऐकू येईना. मग एकदम गुरगुर सुरू झाली, हंड्यात तोंड घालून कुणी बोलावं तशी. आवाज मोठा, पण शब्द एकही हाती लागेना. नर्मदाबाईने दुसरा कान लावून पाहिला. तेच. पदर सावरून ती वळसा घालून पुढच्या दाराने दुकानात आली.

"कुठं गेलती?" उकंडरावाने विचारलं.

"जरा मागं."

उकंडरावाने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि पुन्हा फळीवरच्या रेडिओंकडे वळला. फळीवर दोन सेट मांडलेले होते. एक लहान, चामड्याच्या खोळीतला. दुसरा मोठा, चकचकीत पट्ट्यांचा.

"पाटील, हा लहान घ्या," किसनसिंग म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करी आणि रेडिओ विकी. "सेल कमी खातो. खांद्याला अडकवून शेतात न्या."

"खांद्याला अडकवायला मी काय पोस्टमन हाय? मला घरात पायजे. दणदणीत. शेजारच्याच्या कानठळ्या बसल्या पायजेत."

"शेजारी कोण राहतं?"

"माझा भाऊ," उकंडराव म्हणाला आणि कापसाचे पैसे ठेवलेला खिसा त्याने वरूनच चाचपला.

वाटणी होऊन दोन वर्षं झाली होती. शेत, विहिरीची पाळी, भांडीकुंडी, सगळं कसं गोडीगुलाबीने वाटलं गेलं. अडलं ते बैलांपाशी. जोडी एक आणि भाऊ दोन. पंचांनी एकेकाला एकेक बैल दिला. एका बैलाने नांगर चालत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण वाटणीत शहाणपण असतं तर वाटणी झालीच नसती. थोरल्या संतरामला वाटलं, चांगला बैल उकंड्याने नेला. उकंडरावाला वाटलं, चांगला बैल दादाने ठेवून घेतला. शब्दाने शब्द वाढला आणि घराच्या मधोमध मातीची भिंत उभी राहिली. भिंत ओली असतानाच उकंडरावाने बायकोला आण घातली, "त्या घरात पाय टाकलास, तिकडच्या माणसाशी एक सबूद बोललीस, तर माझं मेलेलं तोंड बघशील."

नर्मदाबाईने ती आण पाळली. नवऱ्याच्या जिवाची आण, ती काय हसण्यावारी नेता येते? पाणवठ्यावर थोरली जाऊ समोर आली तर दोघी आपापल्या घागरीकडे बघायच्या. तेवढं जमत होतं. पण दिवाळीच्या आगेमागे ही जाऊ, द्वारकाबाई, माळवदाच्या पायऱ्यांवरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. वैदूने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि जमिनीला पाय लावायचा नाही म्हणून सांगितलं. संतरामने तिची खाट त्या मधल्या भिंतीला लावून टाकली. सकाळी भाकरी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून तो शेतावर जाई, तो दिवस बुडताना परत येई.

उकंडरावाने ही बातमी परगावच्या बाईची ऐकावी तशी ऐकून घेतली. द्वारकाबाई लग्न होऊन घरात आली तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता, आई नसलेला. त्याच्या डोक्यातल्या उवा तिने काढल्या होत्या, त्याला आपल्या ताटात जेवू घातलं होतं. हे त्याला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं म्हणूनच तो त्या विषयावर तोंड उघडत नसे.

नर्मदाबाईला मात्र दिवसभर भिंतीपलीकडचं ऐकू येई. खाटेची करकर, एखादा उसासा. सुरुवातीला द्वारकाबाई घरात शिरणाऱ्या कोंबड्यांना पडल्या पडल्या शिव्या घाली. त्या शिव्या ऐकून नर्मदाबाईला बरं वाटे. नंतर कोंबड्या तशाच शिरत राहिल्या आणि शिव्या बंद झाल्या. तेव्हा नर्मदाबाई घाबरली. द्वारकाबाईसारखी बाई शिव्या देणं सोडते म्हणजे तिने मनातून हात टेकले, आणि हात टेकलेलं माणूस खाटेवरून उठत नाही, हे तिने माहेरी पाहिलेलं होतं. आपल्याला बोलता येत नाही याचं तिला रडू यायचं. मग चुलीपुढे बसल्या बसल्या एके दिवशी तिच्या मनात आलं की आण आपल्याला आहे, रेडिओला कुणी घातलेली नाही.

नवऱ्याला ती एवढंच म्हणाली होती, "तिकडं रेडू न्हाई. आपल्या घरी वाजला तर?" उकंडरावाचे डोळे चमकले होते. बायको आपल्या बाजूने भांडणात उतरली, याचा त्याला अभिमान वाटला.

आता तो चकचकीत सेटचं बटण पिळून दुकान हादरवत होता.

"हाच," तो म्हणाला. "कसा गरजून राहिला बघ."

"गरजतो, पण बोलत न्हाई," नर्मदाबाई म्हणाली. तिची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे लाकडी पेटीचा एक जुना रेडिओ होता. त्याचं एक बटण काळं, दुसरं पांढरं. "तो कुणाचा हाय?"

"एक मास्तर होते, त्यांचा," किसनसिंग म्हणाला. "बदली झाली, विकून गेले. जुना माल आहे बाई, पण आवाज साफ. किंमत बी निम्मी."

"लावा बरं. परभणी लावा. मी आलेच."

"आता काहून चाललीस?" उकंडराव म्हणाला. "पोट बिघडलं का काय?"

ती बोळात पोचेपर्यंत रेडिओ लागला होता. कुणी बाई बाळंतिणीने काय खावं ते सांगत होती. भिंतीतून शब्दन् शब्द येत होता, चुलीपुढे बसून शेजारीण बोलावी तसा. खारीक, डिंक, मेथी, सगळं कळत होतं. नर्मदाबाई एकटीच हसली.

सूपवाल्या बाईला राहवलं नाही. "काय ऐकून राहिल्या वो?"

"रेडू."

"मग आत जाऊन ऐका की माय."

"आत तर कुणी बी ऐकंल," नर्मदाबाई म्हणाली.

ती दुकानात परतली तेव्हा किसनसिंगाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या कानाच्या पाळीला भिंतीचा चुना लागला होता. त्याने मागच्या भिंतीकडे पाहिलं, पुन्हा तिच्या कानाकडे पाहिलं आणि हातातला पेचकस खाली ठेवला.

"तो लाकडाचा घ्या," नर्मदाबाई म्हणाली.

"येडी झालीस का? जुनंपानं घेऊन गावात जाऊ? दादा हसंल."

"हसू द्या. अवो, नुसतं गुरगुरणं ऐकून कोण जळतं? गिरणी चालू हाय म्हणतील. काय गाणं लागलं, काय भाव निघाला, ते समदं भिंतीपलीकडं कळलं पायजे. कळलं की मग जळतं माणूस."

उकंडराव विचारात पडला. बायको आपल्यापेक्षा पोचलेली निघाली, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"बाई बराबर बोलून राहिल्या," किसनसिंग म्हणाला. "भिंतीतून जाणारा आवाज तोच आहे." आणि त्याने रेडिओवरची धूळ स्वतःच्या उपरण्याने पुसून दिली.

पोस्टातून रेडिओचं लायसन काढून दोघं संध्याकाळी गावी आली. उकंडरावाने मधल्या भिंतीतला कोनाडा रिकामा केला आणि रेडिओ आत बसवला. नर्मदाबाईला वाटलं होतं, आपल्यालाच काहीतरी निमित्त काढून तो वळवावा लागेल. पण तिचं काम नवऱ्यानेच केलं. त्याने रेडिओचं तोंड भिंतीकडे केलं आणि पाठ घराकडे. नवराबायको पाठीमागून ऐकू लागली. बघायला आलेली माणसं हसली, तुमचा रेडू रुसला काय म्हणाली. उकंडरावाने मनावर घेतलं नाही.

पहिले दोन दिवस पलीकडून काहीच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एक कोंबडी द्वारकाबाईच्या घरात ओरडली आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. वरून, "ऐकू दे की मेले," असंही म्हटलं गेलं. नर्मदाबाई हातातली लसूण तशीच ठेवून भिंतीशी बसली. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

उकंडराव मात्र रोज संध्याकाळी बायकोला विचारी, "जळला का?"

"जळून राहिले असतील," ती म्हणे.

मग एके संध्याकाळी तो पारावरून परतला तो तणतणतच. पारावर गावातला जळबा भेटला होता. जळबाने सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर थाप मारली होती आणि सांगितलं होतं, संतराम गावभर बोलून राहिला, माझा भाऊ तोंडाचा फाटका असला तरी आतड्याचा हाय. वैनी खाटेवर पडली तर तिच्यासाठी रेडू आणला, अन् तिला ऐकू यावं म्हणून त्याचं तोंड बी तिच्याकडं केलं.

"मी कुणासाठी आणला न्हाई!" उकंडराव ओरडला. रेडिओ कोनाड्यातून उचलून त्याने दाराजवळच्या कणगीवर ठेवला आणि आवाज इतका बारीक केला की चार पावलांवर मुंगीलाही ऐकू जाऊ नये. मग तो बायकोकडे वळला. "अन् तू? तुला ठावं होतं?"

नर्मदाबाईने मान खाली घातली. खोटं तिला बोलायचं नव्हतं आणि खरं बोलून काही साधणार नव्हतं. मार खावा लागला असता तर सोपं गेलं असतं, असं तिला वाटलं. न केलेल्या चांगुलपणाची शाबासकी नवऱ्याला इतकी झोंबेल, याचा हिशोब तिने केला नव्हता.

रात्रभर तो कूस बदलत राहिला. सकाळी मुकाट्याने ताटावर बसला. कणगीवर रेडिओ कुजबुजत होता. अभंगाची वेळ होती, पण तो अभंग आहे की बातम्या, ते जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं. नर्मदाबाई भाकरी थापत होती.

भिंतीपलीकडे खाट करकरली.

"नर्मदे," द्वारकाबाईचा आवाज आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "सेल सरले का गं?"

नर्मदाबाईचे हात पिठात थांबले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. उकंडरावाने घास तोंडापाशी नेलेला होता. तो तिथेच राहिला. तव्यावरची भाकरी फुगली, तरी ती कुणी उलटली नाही.

 मग तोच आवाज, जरा खाली आलेला, "ऱ्हाऊ दे माय. रोज रोज कुठून सेल आणतील भावजी. लई ऐकलं, लई झालं."

उकंडरावाने घास ताटात ठेवला. तो उठला. उष्टा हात धोतराला पुसून त्याने कणगीवरचा रेडिओ उचलला, कोनाड्यात नेऊन ठेवला, त्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि काळं बटण पिळलं. अभंग घरभर झाला. तो पाठमोरा उभा होता. एक हात कोनाड्याच्या कडेवर होता.

"वैनी," तो भिंतीला म्हणाला. मग जरा मोठ्याने, "वैनी, आता येऊन राहिला का?"

पलीकडे खाट पुन्हा करकरली.  

"येऊन राहिला," द्वारकाबाई म्हणाली. त्यानंतर ती जे बोलली ते भावजीला बोलायचं नव्हतं. ते सात-आठ वर्षांच्या, शाळेतून भुकेजून आलेल्या पोराला बोलायचं होतं. "उकंडा, भाकर खाल्ली का रे?"

नर्मदाबाईला सांगावंसं वाटलं, अर्धीच खाल्ली, रात्रीही नीट जेवले नाहीत. पण तिची आण अजून कुणी सोडवलेली नव्हती. तिने जळालेली भाकरी तव्यावरून काढली आणि दुसरी थापायला घेतली.

उकंडरावाने ताट ओढून भिंतीपाशी आणलं आणि तिला टेकून बसला.

"खाऊन राहिलो, वैनी," तो म्हणाला.