लवूचं गाऱ्हाणं

"भावजी, ह्यांचा गाऱ्हाणा ह्या फोनात घालून देवा. चतुर्थी चार दिसांर इली. दीपेशाक पाठ करूचा आसा," जानकीवैनी पडवी चढता चढताच म्हणाली.

तिचा नवरा, दीपेशचा बाप लवू, माझा शेजारी. तो जाऊन वर्ष होत आलं. त्यानंतरचा हा पहिला गणपती. लवू गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचा, घरादारासाठी मागणं मागायचा, तेव्हा अख्खी वाडी ऐकायला जमायची. त्याच्या आवाजाचं तेवढं एकच रेकॉर्डिंग होतं. वैनीचा फोन भरला म्हणून मीच ते माझ्या कॉम्प्युटरवर उतरवलं आणि फोनमधून पुसलं. हायस्कुलात तीस वर्षं कारकुनी केलेला मी. धामापुरात कॉम्प्युटर कळणारा मीच काय तो शहाणा! "वैनी, सी ड्राइव्हमध्ये एक ठेवलंय, डीमध्ये एक. काळजी नुको," असं छाती काढून सांगितलं होतं.

जूनमध्ये कॉम्प्युटर बंद पडला. कट्टा गावच्या दुरुस्तीवाल्या मंगेशकडे नेला. "काका, हार्डडिस्क गेली," तो म्हणाला.

"जांव दे. डीमध्ये आसा माझा."

मंगेश हसला असता तर बरं झालं असतं. "काका, सी नि डी एकाच डिस्कातले. घर एक, खोल्यो दोन. घरच जळला तर खोली खंयची उरतली?"

तेव्हापासून तोंड चुकवत होतो. बाजाराला जायचं तर मागच्या पाणंदीने. आज मात्र वैनी समोर उभी.

"आज लाईट नाय गो," मी म्हटलं.

वैनीने मान वर केली. डोक्यावर पंखा गरगरत होता. या वयात, तेही वैनीशी खोटं! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"वैनी, लवूचो आवाज ऱ्हवलो नाय. माझ्या हातून गेलो. माका काय कळत नाय होता, उगाच मिरवलंय."

ती पायरीवर बसली. म्हणाली, "कितीदा आयकूचा मनात इला. तुमका कित्याक त्रास, म्हणान मागूक नाय."

दोन शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं.

चतुर्थीला दीपेश बोलवायला आला. लवूच्या घरी गणपतीपुढे नारळ ठेवलेला. वैनी म्हणाली, "दीपेशाक येना नाय. भावजी, तुमीच घाला."

माझी लायकी नव्हती, पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? हात जोडले. "बा देवा म्हाराजा..." लवूसारखं कुठलं जमायला! तरी आठवेल तसं म्हणत गेलो. दरेक मागण्याला घरचे "व्हय म्हाराजा" म्हणत होते.

"आमच्या हातून काय चूकभूल झाली आसात..." इथे अडलो. पुढचं 'ती माफ कर' जिभेवर येईना. दीपेश खाली बघत राहिला.

मग मागून एकट्या वैनीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."