संध्याकाळी परतणारा ट्रक

"आले गं बाई आमचे!" धाकटी जाऊ दारातूनच म्हणाली आणि माझी सुरी कांद्यावर जरा जास्तच जोरात बसली.

रोज दिवेलागणीला हेच. दोघे भाऊ ज्यांचे ट्रक चालवतात त्या मालकांनी बॅटरीवरचे ट्रक घेतले, त्यातला एक धाकट्या दिराला मिळाला. तो ट्रक लांब जात नाही. संध्याकाळी डेपोत आणून चार्जिंगला लावायचाच, म्हणजे ड्रायव्हरही घरी. कपड्यांना डिझेलचा वास नाही, आल्या आल्या बायकोशी गप्पा! मधे भिंत एकच, मला सगळं ऐकू येतं. आणि आमचे हे अजून डिझेलवरच. एकदा गेले की आठवडा आठवडा पत्ता नाही.

जळत होते मी, खोटं कशाला बोलू? ती दोघं हसली की माझ्या पोटात दुखायचं. मेली ती बॅटरी भर रस्त्यात बंद पडो, असंसुद्धा मनात यायचं.

"ताई, मीठ जास्त झालंय का बघता?" धाकटी वाटी घेऊन आली. मागोमाग दीर.

"मला काय विचारतेस? खाणारा तुझा घरात आहे की! आमचं कुठलं एवढं नशीब? मोठ्याला डावलून धाकट्याला ट्रक दिला. मालकांचे डोळे फुटलेत."

दीर चपला काढता काढता थांबला. "वहिनी, मालकांना बोल लावू नका. आधी दादालाच विचारलं होतं. तोच नको म्हणाला."

धाकटीने त्याला कोपर मारलं. म्हणजे हिलाही ठाऊक होतं! इतके दिवस माझे टोमणे मुकाट गिळत होती.

ती दोघं गेल्यावर मी ह्यांना फोन लावला. माल उतरवायच्या रांगेत होते.

"बॅटरीचा ट्रक तुम्ही नाकारलात?"

पलीकडे नुसती इंजिनाची घरघर.

"अगं, रोज संध्याकाळी घरी येऊन मी करू तरी काय?" ते शेवटी म्हणाले. आवाजात राग नव्हता, भीती होती. "मला सवय आहे का त्याची?"

"मला तरी कुठे आहे? झाली असती हळूहळू."

"रांग सरकली, ठेवतो," ते म्हणाले, पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. ह्यांचं जेवणखाण, झोप, सगळं जिच्या सोबतीनं झालं ती घरघर मी पहिल्यांदाच नीट ऐकत होते, आणि धाकटीवरसुद्धा कधी जळले नव्हते इतकी त्या घरघरीवर जळत होते.