उदांचे अंगण

प्राणहितेतील भोवरी बेटावर ऊद, म्हणजे पाणमांजर, राहतो की नाही, हे प्रफुल वासेकरांना त्या दिवशी कागदावर लिहून द्यायचे होते. ते अहेरीला प्राणिशास्त्र शिकवीत. गावाने उदांसाठी बेटाभोवती जाळी टाकणे दोन वर्षे बंद ठेवले होते. पुरावा नसेल, तर उद्याची ग्रामसभा ती बंदी उठवणार होती.

फेब्रुवारी २००३ची सकाळ. नावेत सहलीला निघालेले अकरा विद्यार्थी, नावाडी नथ्थू आणि त्याची बायको भागीरथा.

“सर, मी सोताच्या डोळ्यानं पाह्यला ना! उताना पोहून राह्यला होता.”

“नथ्थूभाऊ, डोळे साक्षीदार झाले. मला मुद्देमाल हवा. खडकावर काटे-खवल्यांची विष्ठा असते, ती दाखवा.”

“थे तं ढिगानं हाये!”

बेटाच्या घाटाचा खडक लागला. तो लखलखत होता. त्यावर ओल्या शेणाचा सडा होता. ढीग सोडाच, काडीही नव्हती.

“पाहुने येनार म्हून पाहाटेच झाडलं,” भागीरथा अभिमानाने म्हणाली. “दोन घमेले शेन नेलं नावेतून. काय घान होती सर, मासोयीची! समदी नदीत लोटली.”

नथ्थूने कपाळाला हात लावला. “हिले काऊन सांगतलं मी!”

दोन वर्षांचा पुरावा नदीत गेला होता. विद्यार्थी मात्र चक्रवाकांची जोडी पाहून हरखले. प्रफुल त्यांना नोंदी सांगत राहिले. वाळूत ठसे शोधत राहिले. कोरड्या वाळूने काहीच धरून ठेवले नव्हते.

बेटाच्या वरच्या टोकाला दुसरा खडक होता. तेथे भागीरथाने सड्यावर कमळाची रांगोळी काढली होती. ती पुढे गेली आणि किंचाळलीच.

“मेल्यानं माह्या कमयावरच घान केली! सरा बाजूले, सर, मी धुवून टाकतो.”

“हात लावू नका, बाई!” प्रफुल हात पसरून आडवे झाले. मग गुडघे टेकून त्यांनी वास घेतला: मासळीचा. खवले होते, खेकड्याच्या कवचाचा तुकडा होता. ओल्या शेणात पडद्यांनी जोडलेल्या पाच बोटांचे ठसे होते. कुत्र्याची चारच उमटतात.

“रांगोळी किती वाजता काढली?”

“सूर्य निंगाला तवा.”

म्हणजे ऊद गेल्या दोन तासांत येऊन गेला होता. जुना ढीग हे कधीच सांगू शकला नसता. इतका काटेकोर प्रयोग त्यांना प्रयोगशाळेतही साधला नव्हता.

‘आढळला,’ असे लिहून ते ‘निरीक्षणाची पद्धत’ या रकान्यापाशी थबकले. मग त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिले: शेणाचा सडा.

नथ्थूने ते मोठ्याने वाचले. विद्यार्थी हसले. भागीरथा मात्र गंभीर होती.

“अन् रांगोळी कोन लिव्हन?”

प्रफुल यांनी पेन पुन्हा उघडले.