वाकळीतली धूळ

रंजीतानं सासूची वाकळ काठीच्या टोकावर उचलली, मेलेला साप न्यावा तशी हात लांब धरून अंगणात आणून टाकली आणि वर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचल्या.

"अवं, जाळून राह्यली का काय?" भागीरथा ओसरीवरून ओरडली. "त्यात गोपालच्या बापाचं धोतर हाये!"

"म्हणूनच त जाळतो, आत्याबाई. जुन्या कपड्यात धूळ बसते. डॉक्टर म्हणते, तीच पोरीच्या छातीत जाते."

पोरीचं नाव निघाल्यावर भागीरथा ओसरीवर खाली बसली. नवरा गेला त्या वर्षी त्याची धोतरं आणि आपली लुगडी एकावर एक घालून तिनं ती वाकळ शिवली होती. दिव्यानी अंगावरचं दूध सुटल्यापासून त्याच वाकळीत, आजीच्या हातावर डोकं ठेवून झोपायची. पऱ्हाट्या पेटल्या तशी भागीरथा उठून पाठमोरी उभी राहिली.

सहा वर्षांच्या दिव्यानीच्या छातीत दिवाळीपासून शिट्टी वाजत होती. जिवतीच्या डोंगरावरून तिला चंद्रपूरला नेलं, तेव्हा डॉक्टरनं गोपालला सरळ विचारलं होतं, की घरात धूळ धरून ठेवणारं काय काय आहे? गोपालनं डोकं खाजवलं, मग दंड खाजवला आणि म्हणाला, "माह्या मायची वाकळ हाये. लय जुनी."

कापसाचं नाव त्यानं काढलं नाही. काढणार तरी कसा? वेचणीपासून माजघरात छातीएवढा उंच कापूस भरला होता, भाव चढायची वाट पाहत. त्याला हळदकुंकू वाहिलेलं, त्याच्याजवळ चप्पल घालून जायची कोणाची टाप नव्हती. लक्ष्मी ती! लक्ष्मीला कोणी धूळ म्हणतं का? ढीग घरात आल्यापासून सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती, तर गोपाल हसून म्हणायचा, "लक्ष्मी अंगावर खेळून राह्यली."

वाकळ जळाल्यावर रंजीता पदर खोचून घराला भिडली. जाळीजळमटं काढली, कॅलेंडरं काढली, फिनाईल टाकून फरशी पुसली. ढिगाभोवती मात्र हलक्या हातानं पुसलं आणि घरंगळलेले कापसाचे पुंजके उचलून, कपाळाला लावून पुन्हा ढिगावर ठेवले. आता पोरीला झोपवायचं कुठं? आजीची वाकळ तर गेली. रंजीतानं कापसावर धुतलेली चादर अंथरली आणि दिव्यानीला वर चढवलं. पांढराशुभ्र, मऊ, स्वच्छ! पोरगी दोन उड्या मारून खोकत बसली.

"अजून धूळ हाये घरात," रंजीता म्हणाली आणि तिनं सासूच्या लुगड्याकडे पाहिलं.

गोपालनं मायची खाट स्वतः उचलून गोठ्यात नेली. बोलताना त्याची नजर बैलाच्या दावणीवर होती.

"चार दिवस, माय. पोरगी बरी झाली का ये घरात."

"येतो ना. मले काय होते? बैलाजवळ ऊब राह्यते."

चार दिवसांचा महिना झाला. दिव्यानीची शिट्टी वाढली. आज कडबा झटकला म्हणून, उद्या आजी दारावरून गेली म्हणून, कारण रोज नवं सापडायचं, बोट मात्र गोठ्याकडेच. रंजीता दुरून ताट ठेवायची. ती दुष्ट होती असं म्हणावं, तर पोरगी धापा टाकायची तेव्हा रंजीता रात्रभर तिची पाठ चोळत बसायची. भीती माणसाला काय करायला लावेल, नेम नाही. भागीरथा अंघोळ झाली की अंग पुन्हा राखेनं घासायची. आपल्या अंगातून धूळ निघते, हे आता तिलाही पटलं होतं. तिची खाज केव्हाच थांबली होती, पण ते तिच्या ध्यानातच आलं नाही.

मग भाव चढला. व्यापाऱ्याची गाडी अंगणात लागली, दिवसभर कापूस भरला गेला. रिकाम्या माजघरात रंजीतानं झाडझूड केली, पाणी मारलं. गोपालनं मोकळ्या भिंतीवर थाप मारली. "पुढच्या साली याच्याहून जास्त भरू!"

आठवडाभरात दिव्यानीची शिट्टी थांबली. पोरगी धावू लागली, झाडावर चढू लागली. भागीरथाला गोठ्यात हे कळलं, तशी ती हरखली. केस धुतले, उन्हात वाळवलेलं लुगडं नेसली, गाठ मारलेलं आपलं बोचकं काखेत घेतलं आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"आता येऊ का आत?"

रंजीतानं नवऱ्याकडे पाहिलं. गोपालनं पाण्याचा गडवा खाली ठेवला.

"माय, तू बाहेर गेली म्हणून त ते बरी झाली. आता पुन्हा कायले..."

भागीरथानं काखेतलं बोचकं सावरलं. मग तिनं मान डोलावली. "बराबर हाये तुहं. माह्यानंच होत होतं पोरीले."

ती गोठ्याकडे वळली, तोच मागून पायांचा आवाज आला.

"आजी! थांब ना, आजी!" दिव्यानी हात पसरून धावत येत होती.

"तिथीच थांब!" भागीरथा ओरडली.

पोरगी थांबली नाही. तिला वाटलं, आजी खेळते आहे. भागीरथानं बोचकं टाकलं, वाकून मातीचं ढेकूळ उचललं आणि नेम धरून मारलं. ते दिव्यानीच्या गुडघ्यावर फुटलं.

"दूर हो म्हणतो ना! हट!"

दिव्यानी जागीच थिजली, मग भोकाड पसरून घराकडे पळाली. रंजीतानं तिला आत ओढून दार लावलं. दाराआड पोरगी किती तरी वेळ ओरडून ओरडून रडत होती.

भागीरथा खाटेवर बसून कान देऊन ऐकत राहिली. पोरीचा आवाज खणखणीत होता, छातीत कुठंच शिट्टी नव्हती.

"बरी हाये," ती बैलाला म्हणाली. "बरी हाये आता."